शाळेच्या आवाराचा आराखडा मुलांना विचारून करावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात वर्ग रिकामे झाले की मुंबईतील अनेक शाळांच्या आवारात दुरुस्तीची आणि सुशोभीकरणाची कामे निघतात. जुनी फरशी उखडून पेव्हर ब्लॉक बसवले जातात, कुंपणाच्या भिंतीवर फुलपाखरे, आगगाडीचे डबे आणि कार्टूनमधली पात्रे रंगवली जातात, एखाद्या देणगीदाराच्या नावाची सिमेंटची दोन-चार बाके येतात आणि जूनच्या मध्यावर मुले परत येतात तेव्हा सगळे उरकलेले असते. या कामाचा आराखडा कोणीतरी कार्यालयात बसून केलेला असतो. ज्या मुलांना त्या आवारात दिवसातून एकदा, मधल्या सुट्टीत, आपल्या मर्जीने वावरायला मिळते, त्यांना त्याबद्दल एका शब्दानेही विचारलेले नसते. गिरणगावातील एका अनुदानित मराठी शाळेत मी अनेक वर्षे चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतरही शाळाशाळांतून मुलांबरोबर काम करीत आलो आहे. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे. शाळेच्या आवारातील बसण्याच्या, बोलण्याच्या आणि खेळण्याच्या जागांवर पैसा खर्च करण्यापूर्वी त्या जागांची पाहणी मुलांकडून करून घ्यावी, तिच्यावर आधारलेला आराखडा शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात नोंदवावा आणि तोवर निविदा काढू नये, एवढेच माझे मागणे आहे.

मुंबईत या गोष्टीला इतर कोठल्याही शहरापेक्षा अधिक महत्त्व आहे, असे मी मानतो. या शहरात माणशी मोकळी जागा जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर पडते, तर केंद्र सरकारची शहर नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वे ती दहा-बारा चौरस मीटर असावी असे सांगतात. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, झोपडपट्टीतल्या बोळात किंवा पुनर्वसनाच्या इमारतीच्या अरुंद मजल्यावर वाढणाऱ्या मुलाला आपल्या वयाच्या मुलांबरोबर, कोणाचा धाक नसताना, चार भिंतींच्या बाहेर बसायला मिळते ते बहुधा शाळेच्या पटांगणातच. इमारतीखालची जागा मोटारींनी अडवलेली असते, मैदाने क्रिकेटच्या शिकवण्यांना दिलेली असतात आणि मुलींना तर संध्याकाळी खाली उतरायचीही परवानगी अनेक घरांत नसते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या अनुसूचीत सावलीचा, बसण्याच्या जागेचा किंवा डबा खाण्याच्या जागेचा उल्लेख नाही. परिणामी आपल्याकडे पटांगणाचा विचार फार तर खेळाच्या तासापुरता, प्रार्थनेच्या रांगांपुरता आणि झेंडावंदनापुरता होतो. उरलेला सगळा वेळ मुले तिथे काय करतात, हे पाहण्याची कोणाला गरज वाटत नाही.

कोणत्याही शाळेची मधली सुट्टी वरच्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहून लक्षपूर्वक पाहावी, अशी माझी शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे. मैदानाचा मधला सगळा भाग आठवी-नववीच्या मुलग्यांच्या क्रिकेटने व्यापलेला असतो आणि बहुतेक ठिकाणी तिथे एका वेळी तीन-चार डाव एकमेकांत मिसळून चाललेले असतात. लहान मुले भिंतीच्या कडेकडेने पळतात. मुली जिन्याच्या पायऱ्यांवर, प्रयोगशाळेच्या भिंतीलगतच्या सावलीच्या पट्ट्यात किंवा थेट स्वच्छतागृहाच्या बोळात घोळक्याने उभ्या असतात. शालेय पोषण आहाराची खिचडी मिळणारी मुले ताटली हातात धरून व्हरांड्यात, जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय चुकवत जेवतात. अगदी एकटी असलेली दोन-तीन मुले कोठे असतात, हे शोधायला मात्र वेळ लागतो, कारण आपण एकटे आहोत हे कोणाच्या लक्षात येऊ नये अशी जागा त्यांनी हेरलेली असते.

हे मला कळले ते मुलांमुळेच. एका वर्षी सहावीच्या मुलांना मी आवाराचा साधा, प्रमाणात काढलेला नकाशा दिला. त्याच्या झेरॉक्स प्रती घेऊन मुलांच्या जोड्या गॅलरीत बसल्या आणि दर पाच मिनिटांनी एका नव्या प्रतीवर खूणा करीत गेल्या: मुलगे निळ्या रंगात, मुली लाल रंगात, उभे असतील तर टिंब, बसलेले असतील तर चौकोन, पळत असतील तर बाण. शेवटी ते कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले आणि उजेडात धरले, तेव्हा वर्ग गप्प झाला. निळ्या बाणांनी तीन चतुर्थांश पटांगण भरून गेले होते आणि लाल चौकोनांची दाटी जिन्यावर झाली होती. देणगीतून आलेल्या नव्या बाकांवर जवळजवळ काहीच नव्हते. त्याचे कारण विचारल्यावर एका मुलीने सांगितले, की बाके एका ओळीत आहेत, त्यामुळे चौघी बसल्या की कडेच्या दोघींना एकमेकींचे बोलणे ऐकू येत नाही, आणि तोंड मुख्याध्यापकांच्या खोलीकडे करून बसावे लागते ते वेगळेच. दुपारच्या सुट्टीत तिथे रणरणते ऊन असते, हेही तिनेच सांगितले. ही बाके बसवणाऱ्यांपैकी कोणी तिथे दुपारी बसून पाहिले असते, तर ते काम तसे झाले नसते.

नळाच्या कोंडाळ्यापाशी एक निळे टिंब प्रत्येक कागदावर होते. ते टिंब ज्याचे होते तो मुलगा पुढे स्वतःहून माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, नळापाशी उभं राहिलं की पाणी प्यायला आलोय असं वाटतं, कोणी काही विचारत नाही." त्या वाक्याने मला आवाराची मांडणी म्हणजे काय असते ते जितके समजले, तितके कोणत्याही पुस्तकाने समजले नव्हते. एकट्या मुलाला संकोच न वाटता बसता येईल, समोर चाललेला खेळ पाहता येईल आणि वाटले तर त्यात सहज सामील होता येईल अशी जागा, ही कोठल्याही शाळेच्या अंदाजपत्रकात न दिसणारी, पण फार मोलाची गोष्ट आहे.

पाहणीनंतर वर्गात जी चर्चा झाली ती गोडीगुलाबीची नव्हती. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना आपली जागा हिरावून घेतली जाणार असे वाटले आणि ते रागावले. मुलींपैकी काहींनी, आम्हालाही खेळायचेच आहे, नुसत्या गप्पा मारायला जागा नको, असे ठणकावून सांगितले. लंगडी, साखळी आणि डबा ऐसपैस यांना मधोमध जागा लागते हे त्यांचे म्हणणे बिनतोड होते. अखेर आठवड्यातले दोन दिवस मैदानाचा अर्धा भाग क्रिकेटसाठी बंद ठेवायचा, असे त्यांनी आपसांत ठरवले. तो नियम सुरुवातीला मोडला गेला, पुन्हा भांडण झाले आणि मग दोन्ही बाजूंच्या मुलांनीच त्यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. शिक्षकाने वरून लादलेला नियम असता, तर तो आठवडाभरही टिकला नसता, असे माझे मत आहे.

मग मुलांनी बसण्याच्या जागा सुचवल्या. त्या लगेच सिमेंटमध्ये बांधल्या नाहीत, हे आमच्या मुख्याध्यापिकांचे शहाणपण. अडगळीच्या खोलीतली मोडकी बाके, सतरंज्या आणि मांडवाच्या उरलेल्या बांबूंवर बांधलेली ताडपत्री एवढ्या सामानावर त्या जागा काही दिवस वापरून पाहिल्या. मुलांनी मोठ्या हौसेने निवडलेल्या एका कोपऱ्यात वरच्या गॅलरीचे पाणी थेट खाली पडते, हे पहिल्याच सरीत कळले आणि तो बेत बदलला. शेवटी बदामाच्या झाडाच्या बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढून माती मोकळी केली आणि तिच्या दोन बाजूंना काटकोनात दोन कट्टे बांधले: एक फूटभर उंचीचा, पहिली-दुसरीच्या मुलांचे पाय टेकतील असा, आणि दुसरा दीड फूट उंचीचा. काटकोनामुळे मुले समोरासमोर बसू लागली. कट्ट्यावर गुळगुळीत शहाबादी फरशी घालावी हा हट्ट मुलींचा होता, कारण खडबडीत सिमेंटवर सागरगोटे खेळता येत नाहीत. कंत्राटदाराला किंवा वास्तुविशारदाला हे सुचण्याची शक्यता नव्हती.

मुलांचा सहभाग हा शब्द आता सरकारी परिपत्रकांतून आणि शाळांच्या अहवालांतून सर्रास वापरला जातो, म्हणून त्याबद्दल थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना आपल्या मतलबासाठी वापरणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते सामील करून घेणे, यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. आपल्या शाळांत जे चालते ते बहुतेक याच तीन पायऱ्यांवर. पाहुणे आले की मुलांच्या हाती रोपटे देऊन छायाचित्र काढायचे, ठरलेल्या भिंतीवर ठरलेले चित्र त्यांच्याकडून रंगवून घ्यायचे, शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घ्यायची आणि मग त्या मंत्र्यांना फक्त स्वच्छतेच्या रांगा लावायला सांगायचे. 2024 च्या आरंभी राज्यभर राबवलेल्या 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानामुळे शाळांच्या आवाराकडे सर्वांचे लक्ष वळले, हे चांगलेच झाले. तथापि त्या अभियानाच्या स्पर्धेत गुण मिळवण्याच्या घाईत अनेक ठिकाणी सौंदर्याचा अर्थ रंगरंगोटीपुरता राहिला, हे ज्यांनी त्या काळात शाळा पाहिल्या त्यांना मान्य व्हावे. 'बाला' या नावाने ओळखली जाणारी, शाळेची इमारत आणि आवार हेच शिकण्याचे साधन बनवण्याची कल्पना किती मोलाची आहे! जिन्याच्या पायऱ्यांवर अंक, दाराच्या उघडझापीच्या कोनात कोनमापक, जमिनीवर नकाशा, अशी तिची मांडणी होती. आपल्याकडे तिचे रूपांतर 'बाला पेंटिंग' या एका कंत्राटात झाले.

मुलांचे ऐकून घेणे ही काही कोणाच्या मर्जीची बाब नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेवर भारताने 1992 मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली. तिच्या 12 व्या कलमाने मुलांना आपल्याशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा आणि 31 व्या कलमाने विश्रांतीचा व खेळाचा हक्क दिला आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत जी शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. आपल्या राज्यात या समितीवर विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधी घेण्याचीही तरतूद आहे. त्यांना मतदानाचा अधिकार नाही, पण बोलण्याचा आहे. या दोन मुलांना समितीच्या बैठकीत चहा-बिस्किटे देऊन परत पाठवण्याऐवजी आवाराचा विषय कायमचा त्यांच्याकडे सोपवला, तर त्यासाठी कोणताही नवा कायदा करावा लागणार नाही.

आता मुंबईच्या हवामानाविषयी. आपले शैक्षणिक वर्ष पावसाबरोबर सुरू होते आणि पहिले साडेतीन-चार महिने पटांगण ओले असते. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरते, मुले घसरून पडतात, मग मैदान बंद केले जाते आणि मधली सुट्टी वर्गातच काढावी लागते. पाऊस ओसरला की ऑक्टोबरचे ऊन सुरू होते आणि त्याच पेव्हर ब्लॉकमधून दुपारी अक्षरशः वाफा येतात. म्हणजे ज्या आवारावर आपण लाखो रुपये खर्च करतो ते वर्षातला बराच काळ वापरण्याजोगे नसते. याला उपाय महागडे नाहीत. भिंतीलगत पुरेशा रुंदीची, पागोळ्या बसणाऱ्याच्या अंगावर येणार नाहीत अशी पत्र्याची पडवी आणि तिच्याखाली सलग ओटा, एवढ्याने पावसाळ्यातली मधली सुट्टी परत मिळते. जमिनीचा काही भाग मुरुमाचा किंवा मातीचा राखला, तर पाणीही मुरते. झाडांच्या बुंध्याला लागून केलेले काँक्रीट सर्वत्र काढले पाहिजे, कारण त्याने मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही आणि अशीच झाडे वादळी पावसात कोसळतात. नवी झाडे लावताना गुलमोहराचा मोह टाळावा, त्याच्या फांद्या ठिसूळ असतात. करंज, कडुनिंब, बकुळ, भेंड ही सावलीची झाडे शाळेला अधिक योग्य आहेत. बहावा आणि ताम्हण फुलांसाठी जरूर असावेत, पण ऐन उन्हाळ्यात दाट सावलीची अपेक्षा बहाव्याकडून करू नये. फांद्यांची छाटणी करायची असेल, तर 1975 च्या झाडांच्या संरक्षणाविषयीच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तेव्हा तो अर्ज मार्चमध्येच द्यावा.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. टाकाऊतून टिकाऊ या उपक्रमाखाली मोटारीचे जुने टायर रंगवून त्यांची आसने किंवा कुंड्या करण्याची पद्धत शाळांतून फार पसरली आहे. पावसाळ्यात त्या टायरच्या पोकळीत पाणी साचते आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास साधारण आठ-दहा दिवसांत तिथे होते. पालिकेचा कीटकनाशक विभाग दरवर्षी शहरातले असे टायर गोळा करून नेतो, आणि आपण ते शाळेत मुलांच्या बुडाखाली ठेवतो, हे बरोबर नाही. टायर ठेवायचेच असतील, तर त्यांना खालून मोठी भोके पाडावीत, आतली पोकळी मातीने गच्च भरावी आणि आठवड्यातून एक दिवस सगळ्या आवारात साचलेले पाणी शोधण्याचे काम हरित सेनेच्या, म्हणजे शाळेतल्या पर्यावरण गटाच्या मुलांना द्यावे. मुले हे काम मोठ्यांपेक्षा अधिक काटेकोरपणे करतात.

पालिकेच्या शाळांबाबत आणखी एक गोष्ट लिहिल्याखेरीज राहवत नाही. मुंबई महानगरपालिका आठ भाषांच्या माध्यमांतून शिक्षण देते आणि एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ अशा तीन-चार माध्यमांच्या शाळा वेगवेगळ्या मजल्यांवर किंवा सकाळ-दुपारच्या अधिवेशनांत भरतात. इमारत एक, जिना एक, पटांगण एक. पण मधल्या सुट्ट्यांच्या वेळा वेगळ्या, मुख्याध्यापक वेगळे, समित्या वेगळ्या. पटांगणाची मालकी कोणाकडेच नसल्यामुळे त्याची देखभालही कोणी करीत नाही. एकाच वस्तीतून चालत येणारी, घरी एकाच नळावर पाणी भरणारी मुले शाळेच्या आवारात मात्र परकी असतात. अशा एका इमारतीत उर्दू आणि मराठी माध्यमांच्या सातवीच्या मुलांनी आवाराची पाहणी एकत्र केली तेव्हा नकाशावरच्या सूचना कोणत्या भाषेत लिहायच्या, असा प्रश्न आला. त्यांनी लिहिण्याऐवजी चित्रखुणा ठरवल्या आणि बोलण्यासाठी नेहमीची बंबईया हिंदी वापरली. आठवड्यातून एक दिवस तरी दोन माध्यमांची मधली सुट्टी एकाच वेळी असावी, ही त्यांची पहिली मागणी होती. तिला एक रुपयाही लागत नाही, केवळ दोन मुख्याध्यापकांनी घंटेची वेळ जुळवायची आहे. अशा इमारतींसाठी सर्व माध्यमांच्या मुलांची मिळून एकच पटांगण समिती असावी, असे मी सुचवतो.

सुरक्षेचा मुद्दा पालक मांडतात, तो रास्त आहे. आडोसे झाले तर तिथे काय होईल याची काळजी, विशेषतः मुलींच्या पालकांना, वाटणे स्वाभाविक आहे. मात्र आडोसा आणि निवांतपणा यांत फरक करता येतो. कंबरेच्या उंचीच्या झुडपांच्या किंवा कट्ट्याच्या आत बसलेली मुले शिक्षकाला गॅलरीतून स्पष्ट दिसतात आणि तरीही आपण आपल्या गटात आहोत असे त्यांना वाटते. आज मुली स्वच्छतागृहाच्या बोळात उभ्या राहतात, तो खरा आडोसा आहे आणि धोका असलाच तर तिथे आहे. सीसीटीव्ही कॅमेरे जरूर असावेत, पण मोकळ्यावर, सर्वांच्या नजरेत बसायला चांगली जागा असणे ही त्याहून भक्कम सुरक्षा आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या किंवा कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलांबाबतही हेच म्हणता येईल. कायद्याने अडथळामुक्त प्रवेश बंधनकारक असल्यामुळे फाटकापासून वर्गापर्यंत उतार केलेला असतो, पण वर्गापासून झाडाखालच्या कट्ट्यापर्यंत उतार नसतो, आणि ते मूल मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहते. पाहणी करणाऱ्या मुलांच्या गटात असे एक मूल असले, की ही उणीव पहिल्याच दिवशी उघड होते.

वेळ कोठून आणायचा, असे शिक्षकबंधू-भगिनी विचारतील. त्यांच्यावर सर्वेक्षणांचा आणि ऑनलाइन माहिती भरण्याचा किती बोजा आहे हे मी जाणतो आणि त्यात भर घालावी असे मला मुळीच वाटत नाही. परंतु हे काम अभ्यासक्रमाच्या बाहेरचे नाही. प्रमाण, क्षेत्रफळ, आलेख, नकाशावाचन, सावलीची लांबी, अर्जलेखन, गटचर्चा हे सारे पाठ्यपुस्तकांत आहेच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत आणि राज्यात 2024 पासून पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवारची योजना आली आहे. त्यांतले थोडे दिवस पुरे होतील. पैशांबद्दल बोलायचे, तर समग्र शिक्षा योजनेतून पात्र शाळांना पटसंख्येनुसार वर्षाला 10 हजारांपासून 1 लाखापर्यंत संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्यातून सारे होणार नाही हे खरे, पण बुंधे मोकळे करणे, एक ओटा बांधणे, पडवीची डागडुजी करणे एवढे निश्चित होते. मुले जलतरण तलाव मागतील, अशी भीतीही अनेकदा बोलून दाखवली जाते. पहिल्या दिवशी ती मागतातही. मात्र हाती असलेली रक्कम फळ्यावर लिहून त्यांना सांगितली आणि फरशी, सिमेंट, मजुरी यांचे भाव त्यांनाच जवळच्या दुकानांतून विचारून आणायला लावले, की दुसऱ्या दिवशीची यादी फार समंजस असते.

हा विचार परदेशातून आणलेला आहे असेही कोणी समजू नये. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, आणि ती गुरे राखायला जातात म्हणून कुरणात न्यायची, हे त्यांनी मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर करून दाखवले. आज पॅरिस शहर 2018 पासून आपल्या शाळांची डांबरी पटांगणे उखडून तिथे माती, झाडे आणि सावली आणत आहे आणि त्या कामात मुलांना आराखड्यापासून सामील करून घेत आहे. आपण मात्र उलट दिशेने, मातीकडून पेव्हर ब्लॉककडे चाललो आहोत, याचे मला मनापासून दुःख होते.

बांधून झालेल्या गोष्टी टिकवण्याबाबतही मुलांवर विश्वास टाकावा. ज्या कट्ट्याची जागा आपण ठरवली त्यावर मुले नावे कोरत नाहीत, हे मी पाहिले आहे. दहावीची मुले दरवर्षी जातात आणि पाचवीची येतात, त्यामुळे दर वर्षी नव्या मुलांनी जुन्या नकाशावर पुन्हा खुणा कराव्यात आणि जे चालत नाही ते बदलावे, अशी रीत पडली पाहिजे. शाळेच्या पटांगणात शिक्षकांची आणि कार्यालयातली वाहने उभी करण्याची प्रथा मात्र कोणत्याही पाहणीची वाट न पाहता बंद व्हावी. ज्या संस्था सुट्टीच्या दिवशी मैदान लग्नसमारंभांना भाड्याने देतात, त्यांनी त्या उत्पन्नातला ठरावीक वाटा आवारावरच खर्च करावा.

मुंबई महानगरपालिकेचा आणि त्याबरोबर शिक्षण विभागाचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या आरंभी मांडला जातो आणि प्रत्यक्ष कामे मे महिन्यात होतात. हे वेळापत्रक या कामाला सोयीचेच आहे. मुलांनी एक पाहणी भर पावसात आणि दुसरी ऑक्टोबरच्या उन्हात करावी, दिवाळीच्या सुट्टीनंतर तात्पुरत्या सामानावर जागा वापरून पाहाव्यात, डिसेंबरच्या बैठकीत शाळा व्यवस्थापन समितीने आराखडा मंजूर करावा आणि तो जानेवारीपूर्वी विभाग कार्यालयाकडे जावा. पालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी आणि अनुदानित शाळांसाठी शिक्षण निरीक्षकांनी मुलांचा असा आराखडा जोडलेला नसेल तर आवारातील सुशोभीकरणाचा प्रस्ताव स्वीकारला जाणार नाही, असे परिपत्रक काढावे, ही माझी त्यांना जाहीर विनंती आहे. ते जूनमध्ये शाळा उघडतानाच निघाले, तर पहिली पाहणी जुलैच्या पावसात होऊ शकेल.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
परळ, मुंबई